शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही : रुग्णालयातल्या निर्जंतुकीकरणाची गोष्ट



सूक्ष्मजीवांचा पाठ चालू होता. एका मुलीने विचारलं, "सर, माझ्या आजीचं ऑपरेशन झालं ना, त्या कात्र्या आणि चिमटे नंतर फेकून देतात का?" मी म्हटलं, "नाही गं, धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरतात." लगेच पुढचा प्रश्न आला, "मग ते खरंच निर्जंतुक झालेत हे त्यांना कसं कळतं?"

"तपासतात," असं म्हणून मी वेळ मारून नेली. तास संपला. पण नंतर वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझं उत्तर चुकीचं होतं. ऑपरेशनला जाणारी कात्री कोणीही तपासत नाही. तपासता येतच नाही! का, ते या लेखात पाहू. विज्ञानाच्या शिक्षकांना यात उष्णता, वाफ, दाब आणि जीवाणू हे सगळे धडे एकत्र सापडतील. गणिताच्या शिक्षकांसाठी संभाव्यता आहे. आणि पालकांनो, दवाखान्यात आपण सगळेच कधी ना कधी जातो.

आधी "तपासता येत नाही" म्हणजे काय ते बघा. कात्रीवर जिवंत जंतू आहे का हे डोळ्यांनी दिसत नाही, वासाने कळत नाही. कळायचं असेल तर पाकीट फोडायचं, कात्री पोषक द्रवात बुडवायची आणि त्यात काही वाढतं का याची कित्येक दिवस वाट पाहायची. औषधांच्या निर्जंतुकतेच्या चाचणीत १४ दिवस थांबतात. एवढं करून "शुद्ध आहे" असं कळलं तरी उपयोग काय? पाकीट तर फुटलं. म्हणजे जी वस्तू तपासली ती वापरता येत नाही, आणि जी वापरली ती कधी तपासलेली नसते.

यावर तुम्ही म्हणाल, नमुना तपासा. शितावरून भाताची परीक्षा! आपण शाळेत पोषण आहाराच्या खिचडीची चव घेतो आणि चव रजिस्टरमध्ये सही करतो, तसंच. पण खिचडी एका पातेल्यात, एकाच आचेवर, ढवळून शिजलेली असते. म्हणून एक घास साऱ्या पातेल्याची साक्ष देतो. निर्जंतुक पाकिटांचं तसं नसतं. प्रत्येक पाकीट स्वतंत्र असतं आणि शेजारच्या पाकिटाबद्दल ते काहीच सांगत नाही.

थोडं गणित करू. समजा १००० पाकिटांमध्ये १० सदोष आहेत, म्हणजे शेकडा एक. आपण त्यातली २० उचलून तपासली. वीसही चांगली निघण्याची शक्यता किती? ०.९९ चा २० वा घात करा, सुमारे ०.८२ येतो. म्हणजे असा घोळ झालेला असताना शंभरातल्या ब्याऐंशी वेळा आपण "सगळं उत्तम" असा शेरा मारून मोकळे होणार. आणि १००० शस्त्रक्रियांमध्ये १० सदोष पाकिटं हे प्रमाण भयंकर आहे. हे गणित दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्या.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात काय होऊ शकतं हे १९७२ साली इंग्लंडमध्ये दिसलं. प्लिमथ शहरातल्या डेव्हनपोर्ट इथल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण सलाइन चढवताना अचानक खालावू लागले. सलाइन म्हणजे आपण बोलीभाषेत म्हणतो ते. प्रत्यक्षात त्या बाटल्यांमध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी होतं. त्या बाटल्यांमध्ये जिवंत जीवाणू भरपूर सापडले. पाच रुग्ण दगावले. सेसिल क्लोथिअर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि त्याच वर्षी तिचा अहवाल आला.

बाटल्यांची ती खेप आदल्या वर्षी, १९७१ च्या एप्रिलमध्ये कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हमधून निघाली होती. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणारं मोठं यंत्र. त्या दिवशी यंत्राच्या तळाशी हवा अडकून राहिली होती. वरच्या बाटल्या नीट तापल्या, खालच्या तापल्याच नाहीत. खेपेतल्या नमुन्याच्या बाटल्या तपासल्या गेल्या आणि त्या निर्दोष निघाल्या. त्या आधारावर खेप पास झाली.

घरच्या कुकरवर आणून बघा. कुकरमध्ये डब्यावर डबा असतो, वर डाळ, खाली भात. वरच्या डब्यातलं शीत चाचपून खालचा डबा शिजलाय की नाही ते कसं सांगणार?

पण या प्रकरणातली मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या यंत्राला तळाशी, निचऱ्याच्या नळीपाशी, तापमान नोंदवणारा तापमापक होता. सगळ्यात थंड जागा तीच असते, म्हणून तो तिथे बसवतात. त्या दिवशी त्याने तापमान चढलेलं नाही हे बरोबर दाखवलं होतं. चालवणाऱ्याला वाटलं, तापमापकच बिघडलाय. दुसऱ्या काट्यांवर विसंबून काम पुढे गेलं. म्हणजे ती खेप बिघडल्याची बातमी त्याच दिवशी मिळाली होती. ती बातमी आहे असं कोणाला वाटलं नाही, एवढंच. जवळजवळ वर्षाने त्या बाटल्या रुग्णांना लागल्या.

आता हवा अडकल्याने एवढं काय बिघडतं? इथे पुन्हा कुकरच कामाला येतो. बाहेरून झाकण लागणाऱ्या कुकरला आपल्या आया शिट्टी लगेच लावत नसत. आधी नळीतून वाफेचा जोरदार झोत येऊ द्यायचा, मग वर वजन ठेवायचं. कुकरसोबतच्या पुस्तिकेतही तसं लिहिलेलं असतं. कारण आधी आतली हवा बाहेर जायला हवी.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. दाब वातावरणापेक्षा दर चौरस इंचाला १५ पौंडांनी वाढवला, म्हणजे साधारण दुप्पट केला, की शुद्ध वाफेचं तापमान १२१ अंशांवर जातं. पण हे "शुद्ध वाफ" असेल तरच. आतली निम्मी हवा तशीच राहिली तर त्याच १५ पौंड दाबाला तापमान जेमतेम ११२ अंश होतं. दोन तृतीयांश हवा राहिली तर १०९. अजिबात काढली नाही तर १०० च्या आसपास. दाबाचा काटा मात्र चारही वेळा १५ च दाखवणार! वर्गात हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारा, "नुसत्या दाबाच्या काट्यावर विश्वास ठेवाल का?" दाब आणि तापमान वेगवेगळे का मोजायचे हे त्यांना लगेच कळतं.

तापमानातला हा ९-१० अंशांचा फरक एवढा महत्त्वाचा का? कारण काही जीवाणू अडचणीच्या काळात बीजाणू बनवतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेला जीवाणू. धनुर्वाताचा जीवाणू असाच आहे. उकळत्या पाण्याला काही बीजाणू दाद देत नाहीत. पूर्वी डॉक्टर काचेच्या सिरिंज स्टीलच्या डब्यात उकळत ठेवायचे, आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या पालकांना ते आठवत असेल. ते आजच्या अर्थाने निर्जंतुकीकरण नव्हतं. बीजाणू मारायला वाफ १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं लागते, किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं. हा वेळ सगळं सामान त्या तापमानाला पोचल्यानंतर मोजायचा, बटण दाबल्यापासून नाही. आणि कोरडी गरम हवा इथे कमी पडते, कारण वाफ थंड वस्तूवर पाणी होऊन जमते तेव्हा आपली सुप्त उष्णता तिथेच सोडते, दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी. सुप्त उष्णतेचं हे उदाहरण पाठ्यपुस्तकातल्या बर्फापेक्षा मला जास्त आवडतं.

बरं, जंतू एकदम मरत नाहीत, पटीपटीने मरतात. समजा दर मिनिटाला दहातले नऊ मरतात. दहा लाखांपासून सुरुवात केली तर एका मिनिटानंतर एक लाख, मग दहा हजार, आणि सहाव्या मिनिटाला एक उरतो. सातव्या मिनिटाला किती? ०.१. मुलं हसतात, "सर, एक दशांश जंतू कसा?" इथेच खरी गंमत आहे. ०.१ म्हणजे अशी दहा पाकिटं घेतली तर त्यातल्या एकात जंतू असण्याची शक्यता. बाराव्या मिनिटाला ती दहा लाखांत एक होते. शस्त्रक्रियेच्या साहित्यासाठी जगभर हीच रेषा धरली आहे, दहा लाखांत एक. शून्य ही काही या गणितात येणारी संख्या नाही. आणि सुरुवातीला दहा लाखांऐवजी शंभरच जंतू असतील तर? आपण चार मिनिटं जिंकलो. म्हणूनच यंत्राच्या आधीचा धुण्याचा टप्पा मोलाचा ठरतो.

तर आता रुग्णालयात जाऊ. मोठ्या रुग्णालयांमध्ये केंद्रीय निर्जंतुकीकरण विभाग असतो, सगळे त्याला सीएसएसडी म्हणतात. नातेवाइकांच्या नजरेला तो सहसा पडत नाही. लहान दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीशेजारी एकच ऑटोक्लेव्ह असतो, पण कामाचा क्रम तोच. वापरलेलं साहित्य एका दाराने येतं, धुतलं जातं, तपासून बांधलं जातं, यंत्रात जातं आणि दुसऱ्या बाजूने निर्जंतुक होऊन बाहेर पडतं. उलटा प्रवास नाही. मळक्या बाजूचा माणूस सहज म्हणून स्वच्छ बाजूला डोकावत नाही. मुलांना हे ऐकून सोवळं-ओवळं आठवतं. त्यांना फरक सांगावा लागतो. तिथे माणसाच्या जन्मावर बोट होतं. इथे नियम सर्जनपासून सफाई कामगारापर्यंत सगळ्यांना एकच, आणि तो का आहे हे विचारता येतं.

सगळंच काही एवढं कडक निर्जंतुक करत नाहीत. रक्तात किंवा शरीराच्या आतल्या भागात जाणारी वस्तू पूर्ण निर्जंतुकच हवी. तोंडात, घशात, आतड्यात जाणाऱ्या दुर्बिणींसारख्या वस्तूंना किमान वरच्या दर्जाचं निर्जंतुकीकरण लागतं. रक्तदाब मोजायचा पट्टा नुसत्या निरोगी त्वचेला लागतो, तो स्वच्छ असला की पुरे. आणि ज्या वस्तूंना उष्णता सोसत नाही त्यांच्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. तो विषय मोठा आहे, इथे वाफेपुरतंच बोलू.

धुण्याकडे लोक कमीपणाने बघतात. प्रत्यक्षात बरीचशी चूक तिथेच होते. चिमट्याच्या सांध्यात वाळलेल्या रक्ताचा कण राहिला तर त्याच्या आत वाफ पोचत नाही. घाण निर्जंतुक करता येत नाही, आधी काढावीच लागते. घरी अंड्याचं भांडं आपण आधी गार पाण्यात भिजवतो. गरम पाणी ओतलं की अंडं आणखी घट्ट चिकटतं. रक्तातही प्रथिनंच असतात. म्हणून अवजारांवर पहिलं पाणी गारच हवं, आणि ऑपरेशननंतर ती वाळू द्यायची नाहीत. मिठाचं पाणीही नको, त्याने पोलादाला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांमध्ये घाण बसते. मग प्रथिनं विरघळवणारा साबण, सांधे उघडून ब्रश, बारीक नळ्यांमध्ये नळीच्या मापाचा ब्रश, ध्वनिलहरींच्या टाकीत धुणं, आणि शेवटी भिंगाच्या दिव्याखाली एकेक तुकडा बघणं. या टप्प्यात डोळ्यांनी तपासता येतं, म्हणून इथे डोळे वापरायलाच हवेत. विभागाची गुणवत्ता सुधारायची असेल तर मला विचाराल तर नव्या यंत्राआधी एक चांगलं भिंग आणि धुणाऱ्या माणसाला पुरेसा वेळ द्यावा.

बांधणीतही घरचं शहाणपण चालतं. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावलं की पाणी सुटतं. यंत्रातून निघालेलं गरम पाकीट थंड फरशीवर किंवा थंड स्टीलच्या टेबलावर ठेवलं की तसंच आत पाणी धरतं. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपू शकतात. म्हणून ओलं निघालेलं पाकीट, कितीही तापवलेलं असलं तरी, निर्जंतुक धरत नाहीत. पुन्हा उघडा, पुन्हा बांधा, पुन्हा यंत्रात घाला. बाहेर सर्जन "सेट कुठाय?" म्हणून खोळंबलेले असताना हे करायला हिंमत लागते. यंत्र ठासून भरण्याचा मोहही याच घाईतून येतो. पाकिटांमध्ये फट नसेल तर वाफ जायची कुठून?

आता मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. कात्री तपासत नाहीत, तिचा प्रवास तपासतात. त्यासाठी तीन-चार प्रकारचे पहारेकरी ठेवलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळी गोष्ट दिसते.

पहिला पहारेकरी यंत्राचे काटे आणि त्याची छापील नोंद. तापमान, दाब, वेळ. डेव्हनपोर्टमध्ये हाच पहारेकरी ओरडला होता.

दुसरा, रासायनिक पट्ट्या. पाकिटावर फिक्या रेघांची चिकटपट्टी असते, यंत्रातून आल्यावर रेघा काळ्या होतात. इथे मोठा गैरसमज आहे, आणि तो शिकलेल्या माणसांमध्येही आहे. काळ्या रेघा म्हणजे "निर्जंतुक" नव्हे. "हे पाकीट यंत्रात जाऊन आलं" एवढंच ती पट्टी सांगते, म्हणजे गेलेलं आणि न गेलेलं यांची सरमिसळ होत नाही. पाकिटाच्या आत, अवजारांच्या मधोमध दुसरी पट्टी ठेवतात. ती तापमान, वेळ आणि वाफ या तिन्हींवर अवलंबून बदलते, म्हणून तिची साक्ष जास्त मोलाची. ती पाकीट उघडल्यावर ऑपरेशनच्या टेबलापाशी नर्सने बघायची असते.

तिसरी रोज सकाळची परीक्षा. हवा यांत्रिक पंपाने ओढून काढणाऱ्या यंत्रांसाठी ब्रिटनमध्ये बोवी आणि डिक यांच्या नावाची चाचणी १९६३ साली प्रसिद्ध झाली. दिवसाच्या पहिल्या फेरीआधी, रिकाम्या यंत्रात, कापडाच्या घट्ट गठ्ठ्याच्या मधोमध रंग बदलणारा कागद ठेवायचा. कागद सगळीकडे सारखा काळा झाला तर वाफ मध्यापर्यंत पोचली. मध्येच फिका डाग राहिला तर तिथे हवा अडकली होती. मग त्या दिवशी ते यंत्र बंद. कुकरला वाफेचा झोत येतोय का बघण्यासारखंच हे, फक्त पुरावा कागदावर राहतो.

चौथा पहारेकरी सगळ्यात विश्वासू, कारण तो जिवंत आहे. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा निरुपद्रवी पण अतिशय चिवट जीवाणू आहे. त्याच्या लाखो बीजाणूंची कुपी सामानासोबत यंत्रात पाठवतात. बाहेर आल्यावर ती ५५ ते ६० अंशांवर उबवतात. बीजाणू जगले असतील तर आतला द्रव रंग बदलतो, नेहमीच्या कुप्यांमध्ये जांभळ्याचा पिवळा होतो. सगळ्यात चिवट मेला म्हणजे बाकीचेही मेले असं मानायला आधार मिळतो. आणि सोबत यंत्रात न घातलेली एक कुपीही उबवतात. ती पिवळी व्हायलाच हवी! ती झाली नाही तर कुप्याच मेलेल्या होत्या, आणि आपली "पास" झालेली परीक्षा खोटी. प्रयोगात तुलनेसाठी दुसरी बशी का ठेवायची हे मुलांना याहून चांगलं मी समजावू शकलेलो नाही.

मग एखाद्या दिवशी कुपी पिवळी झाली तर? तोवर त्या यंत्रातली पाकिटं वॉर्डात आणि ऑपरेशनच्या खोलीत गेलेली असू शकतात. मागच्या चांगल्या निकालापासून या निकालापर्यंतची सगळी पाकिटं परत मागवावी लागतात. म्हणून हाडात बसवायच्या पट्ट्या, कृत्रिम सांधे असं शरीरात कायम राहणारं साहित्य कुपीचा निकाल येईपर्यंत अडवून ठेवायची पद्धत आहे. पाकिटावर यंत्राचा क्रमांक, फेरीचा क्रमांक, तारीख, बांधणाऱ्याची खूण असेल आणि तीच चिठ्ठी रुग्णाच्या कागदांमध्ये लागलेली असेल, तरच परत मागवणं शक्य. नाहीतर कोणाला शोधणार?

क्रमांकाचं महत्त्व सांगणारी एक जुनी गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव मुलांनी ऐकलेलं असतं. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ती लाखोंना दिली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेव्हाच्या पंजाबातल्या मुल्कोवाल गावी (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, बाटली क्रमांक ५३ एन. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

संशय मुंबईवर आला. हाफकिन यांनी लस बनवण्याची पद्धत थोडी बदलली होती, पूर्वी घालत ते कार्बोलिक आम्ल वगळलं होतं, त्यामुळे बोट तिकडेच गेलं. त्यांना पद सोडावं लागलं. पण चौकशीतल्या साक्षीत आणखी एक गोष्ट होती. ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावे पुन्हा तपासले. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली, आणि त्यांच्यावरचा ठपका गेला. मधली पाच वर्षं मात्र गेलीच. ५३ एन हा क्रमांक नोंदलेला नसता तर संशय सगळ्याच बाटल्यांवर, सगळ्याच लसीवर राहिला असता. आणि चिमटा पडला हे त्या क्षणी मोकळेपणाने सांगून दुसरा चिमटा मागता आला असता तर गोष्ट घडलीच नसती.

माझ्या मते गुणवत्ता सुधारण्याची खरी किल्ली इथे आहे. यंत्रं, पट्ट्या, कुप्या विकत मिळतात. "सर, माझ्या हातून पडला", "मॅडम, हे पाकीट ओलं आहे", "हा काटा विचित्र दाखवतोय" हे बोलायची मुभा विकत मिळत नाही. ज्या विभागात असं बोलणाऱ्याला ओरडा बसतो तिथे नोंदवह्या अगदी स्वच्छ असतात. आपल्याला हे वेगळं सांगायला नको! महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेलं रजिस्टर कसं दिसतं ते आपण सगळे ओळखतो. सगळ्या चौकटींत बरोबरची खूण असलेली वही बघून मी तरी निश्चिंत होणार नाही. महिन्यात चार ओली पाकिटं, दोन सेटमध्ये कमी निघालेली कात्री, एकदा सकाळच्या कागदावर फिका डाग आणि त्या दिवशी यंत्र बंद ठेवल्याची नोंद, अशी वही दिसली तर मला जास्त भरवसा वाटेल. तिथे कोणीतरी खरंच बघतंय. ऑपरेशनच्या खोलीतून आलेली तक्रार धुणाऱ्या माणसापर्यंत पोचली का, आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार कमी झाली का, एवढं मोजलं तरी सुधारणा होते.

काट्याबद्दलही एक नियम ठरवून टाकता येतो. काटा खोटा वाटला तरी तो खोटा सिद्ध होईपर्यंत खेप अशुद्ध धरायची. डेव्हनपोर्टमध्ये नेमकं उलट झालं होतं.

पालकांनी काय करावं? सीएसएसडीत जाऊन चौकशी करणं काही शक्य नाही. पण दाताच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा अवजारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं का ते बघा. पाकीट कोरडं, न फाटलेलं आहे का, त्यावर तारीख आहे का, आतली पट्टी बदलली आहे का. "ही पट्टी काय दाखवते?" असं नम्रपणे विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत, उलट मुलांना आवडीने दाखवतात.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. ४० मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाला २५ काबुली चणे मोजून आणायला सांगा, १००० होतात. त्यातले १० बाजूला काढून शाईने रंगवा, वाळवा आणि पुन्हा डब्यात मिसळा. डोळे झाकून २० चणे काढायचे, रंगीत किती आले ते लिहायचं, चणे परत टाकून डबा हलवायचा, मग पुढचा गट. सगळ्या गटांचे निकाल फळ्यावर मांडा आणि वरच्या ब्याऐंशीच्या आकड्याशी ताडून बघा. दुसऱ्या फेरीत दहाही रंगीत चणे मुलांसमोरच तळाशी घाला, वर बाकीचे ओता आणि डबा न हलवता वरून वीस काढायला सांगा.